मालवणला निघताय? गाडी ठरवण्याआधी हे वाचा

"वाटेतच आहे, तर जाताना सावंतवाडी करून घेऊया का?" मालवणची गाडी ठरवताना बहुतेक सगळे हे विचारतात. आमचं उत्तर ठाम आहे: जाताना नको, येताना करा.

शिनोळी, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ असा हा रस्ता बेळगावहून सुमारे दीडशे किलोमीटरचा. घाट धरून चार तास लागतातच. आठला निघून सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी बघत रमलात की मालवणला दोन-तीन वाजतात. मग जेवण, मग धक्क्यावर होडीची रांग. समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या अंधार पडायच्या आत थांबतात आणि किल्ला नीट बघायला दीड तास तरी हवा. शिवराजेश्वर मंदिर आणि भर समुद्रात गोडं पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी घाईत उरकण्यासारख्या नाहीत. म्हणूनच आमची गाडी पहाटे साडेपाचला तुमच्या दारात लागते, आणि ही सहल आम्ही मुक्कामाचीच करतो. किल्ला दुपारी आटोपला की संध्याकाळ किनाऱ्यावरच्या मासळीच्या लिलावाला मोकळी. बोली चालू असताना टोपल्यांच्या मध्ये शिरू नका.

परतीला आधी कुडाळजवळचं पिंगुळी. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला), कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, सगळं इथं आहे. 2021 साली पद्मश्री मिळालेले परशुराम गंगावणे इथलेच. खेळ बघायचा असेल तर बुकिंग करतानाच सांगा, आम्ही फोन करून ठेवतो. न कळवता गेल्यास नुसती चित्रं बघून यावं लागेल.

मग सावंतवाडी. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, रंगवताना बघायला मिळते. दशावतारी संचात गोल 120 पानं, प्रत्येक अवताराची 12, सगळी हाताने रंगवलेली. तिथं घासाघीस करू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. लाकडी फळंही आताच घ्या. जाताना घेतली तर दोन दिवस डिकीत बॅगांखाली रंग खरवडतो.

मासळी आणायची तर थर्माकोलच्या पेटीतच. किलोला किलो बर्फ, खाली एक थर, वर एक थर, झाकणाला टेप. पिशवीतली मासळी आम्ही गाडीत घेत नाही. ते पाणी सीटखाली मुरलं की वास धुऊनही जात नाही. पेटी सांगितलीत तर आम्ही इथूनच देतो.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पावसात किल्ल्याच्या होड्याही बंद. त्या दोन महिन्यांत मालवणचं बुकिंग आम्ही घेत नाही. आंबोलीच्या धबधब्याला मात्र तेच दिवस चांगले, फक्त रविवार टाळा.