पार्श्वभूमी: व्याख्यानापासून तपासणीच्या टेबलापर्यंत

ठाण्यात कळवा-मुंब्र्याला काय किंवा नवी मुंबईत तुर्भे-दिघ्याला काय, वस्तीतल्या कर्करोग जागृतीचा आजचा साचा एकच आहे: बचतगटाची बैठक, चित्रांचे तक्ते, आशाताईंची यादी आणि जवळच्या नागरी आरोग्य केंद्रातली तारीख. हा साचा २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतून आला. त्यांत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कर्करोग, ३० ते ६५ वय आणि दर ५ वर्षांनी तपासणी असं ठरलं. राष्ट्रीय कार्यक्रम १९७५-७६ पासूनच होता, पण वस्तीपर्यंत त्यातलं फारसं काही पोचलं नव्हतं.

'जागृती' आणि 'तपासणी' यांतला फरक आपल्याकडे खऱ्या अर्थाने मोजला गेला तो १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत. २० वस्तीगट, ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया. निम्म्या वस्त्यांत दर २ वर्षांनी, एकूण ४ वेळा, माहिती आणि जोडीला गर्भाशयमुखाची तपासणी झाली. ती दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी केली. उरलेल्या वस्त्यांत सुरुवातीला एकदाच माहिती दिली गेली. २०१३ मध्ये निकाल जाहीर झाले, तेव्हा तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले.

वाद उरलेल्या निम्म्यांवरून झाला. टीकाकारांचं म्हणणं, तपासणी उपयोगी पडते हे जगाला माहीत असताना या बायकांना नुसत्या व्याख्यानावर ठेवणं अनैतिक होतं, आणि संमती घेताना पर्यायांची पुरेशी कल्पना दिली नाही. संशोधकांचं उत्तर, देशात तेव्हा सरसकट तपासणी नव्हतीच, म्हणजे या बायकांना तेव्हाचे 'प्रचलित उपचार' मिळतच होते, कुणाकडून काही काढून घेतलं नाही. युक्तिवाद म्हणून हे उत्तर टिकतं. पण 'प्रचलित उपचार' या शब्दाचा अर्थ 'काहीच नाही' असा निघत असेल, तर तो संमतीपत्रावर तशाच सरळ शब्दांत लिहायला हवा होता.

त्या तपासणीची रीत साधी आहे: गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं आणि संशयाचा पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी पाहायचं. म्हणूनच ती बिघडतेही सहज. ५ टक्के द्रावणासाठी ५ मिलि शुद्ध ॲसिटिक ॲसिड ९५ मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळायचं, तेही रोज ताजं. पातळ न करता लावलं तर भाजतं. कापसाने लावल्यावर पूर्ण १ मिनिट थांबायचं. शिबिरात रांग लांबली की हा मिनिट आधी कापला जातो, आणि पांढरा डाग उमटायच्या आतच 'निगेटिव्ह' लिहिलं जातं. पाळी थांबलेल्या स्त्रियांत पाहायचा भाग आत सरकतो, त्यामुळे त्यांच्यात ही रीत भरवशाची नाही.

व्याख्यानात सर्वांत जास्त घोळ 'पिशवी' या शब्दाने होतो. गर्भाशय आणि त्याचं तोंड, दोन्हीला पिशवीच म्हणतात. मग डाग दिसला की 'पिशवी काढावी लागणार' अशी बातमी चाळभर होते आणि पुढच्या तारखेला निम्म्या जणी फिरकत नाहीत. 'पिशवीचं तोंड' म्हणावं, आणि डाग म्हणजे कर्करोग नव्हे हे तपासणीच्या आधी सांगावं. नंतर कुणी ऐकत नाही.

दुसरा घोळ सीबॅक फॉर्मचा, म्हणजे आशाताई भरतात त्या धोका मोजायच्या प्रश्नावलीचा. गुण ४ च्या वर गेले की तपासणीत प्राधान्य, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात ४ किंवा कमी गुणांच्या बाईला 'तुम्हाला काही नाही' म्हणून परत पाठवलं जातं. खरं तर तिशीपुढच्या प्रत्येकीला बोलवायचं असतं. मिशरी हा प्रश्नही निसटतो: 'तंबाखू खाता का?' म्हटलं की गावठाणातली आजी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते, कारण मिशरी ती खात नाही, लावते.

आता भर एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणीवर आणि त्याविरुद्धच्या मुलींच्या लशीवर सरकतो आहे. नमुना बाई स्वतः घेऊ शकते, मिनिट मोजायला नको. मात्र अहवाल यायला दिवस जातात, आणि फॉर्मवरचा मोबाइल नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो.