नवव्या महिन्यातली धाप

सातवा सरला की बाईचं बोलणं मध्येच तुटायला लागतं. अर्ध्या वाक्यावर थांबून ती श्वास घेते. घरातली मोठी माणसं म्हणतात, "पोट वर आलंय, दाबतंय गं." ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही.

वाढत्या गर्भाशयामुळे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा शेवटी सुमारे 4 सेंटीमीटर वर उचलला जातो. त्याची भरपाई म्हणून बरगड्या बाजूंना फाकतात. ब्लाउज खांद्याला बसतो पण छातीखालच्या घेरात बसत नाही, तो यामुळेच. धापेचं मोठं कारण मात्र मेंदूत आहे. वारेतून भरपूर तयार होणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मेंदूतल्या श्वसनकेंद्राला जास्त जागरूक करतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड जरा वाढला की ते केंद्र श्वास खोल घ्यायला लावतं. श्वासांची संख्या फारशी वाढत नाही, पण प्रत्येक श्वासात आत जाणारी हवा 30 ते 40 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे आईच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड नेहमीपेक्षा कमी राहतो आणि बाळाच्या रक्तातला वारेतून सहज तिच्याकडे उतरतो. बाळाची फुप्फुसं अजून हवा घेत नाहीत. त्याचा श्वास आई सोडते, आणि तिला ती धाप वाटते.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शेवटच्या तीन महिन्यांतल्या तक्रारींना आपल्याकडे एकच उत्तर असतं: "होतंच असं, आम्हीही काढले की दिवस." पण त्यातल्या बहुतेक तक्रारींमागे शरीराचं नेमकं काम चालू असतं, आणि ते काम कळलं की साधी तक्रार कोणती आणि धोक्याची कोणती, हेही कळतं. जिना चढताना दम लागणं साधं. बसल्या जागी धाप लागत असेल, उताणं झोपवतच नसेल, छाती धडधडत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं. हृदयाचं दुखणं किंवा पंडुरोग (ॲनिमिया) नेमका याच महिन्यांत डोकं वर काढतो.

कारण रक्तावरचा ताणही आता शिगेला असतो. आठव्या महिन्यापर्यंत बाईच्या अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. त्यातलं पाणी जास्त वेगाने वाढतं आणि लाल पेशी मागे राहतात, म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरणं स्वाभाविकच. मात्र ते 11 ग्रॅमच्या खाली गेलं तर तो पंडुरोग, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत भारतातल्या 52 टक्के गरोदर स्त्रिया या रेषेखाली सापडल्या. आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्या डब्यात पडून राहतात, कारण त्यांनी पोट जड होतं आणि शौचाला काळी होते. काळ्या रंगाने घाबरायचं कारण नाही. गोळी चहाबरोबर मात्र घेऊ नये. चहा लोह नीट शोषू देत नाही.

कंबरेची गोष्ट तर लाखो वर्षांची आहे. पोट पुढे आलं की शरीराचा तोल पुढे जातो, म्हणून बाई कंबरेतून मागे वाकते. 2007 साली मानववंशशास्त्रज्ञ कॅथरीन व्हिटकोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की स्त्रियांच्या कंबरेतले तीन मणके पाचरीसारखे असतात, पुरुषांचे दोनच. त्यामुळे हा बाक बाईच्या कण्याला तुलनेने सुरक्षितपणे घेता येतो. आपल्या दोन पायांवर चालणाऱ्या पूर्वजांच्या जीवाश्मांतही हा फरक आढळला. कंबर दुखायची थांबत नाही, पण बाईचा कणा त्या ओझ्यासाठी घडत आलेला आहे.

रात्री वेगळ्याच. पोटऱ्यांत गोळे, घशाशी आंबट, दर दोन तासांनी लघवी. 28 आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपावं. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार पायांकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नीलेवर पडतो आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं. डावी कूस की उजवी, यावरून घरात वाद नको, दोन्ही चालतात. मध्यरात्री जाग आली आणि आपण उताण्याच आहोत असं दिसलं, तर घाबरू नका, वळा आणि झोपा.

एक समजूत मात्र खोडायलाच हवी. "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" हे आपल्या आज्या सांगत आल्या. गंमत म्हणजे हीच समजूत प्राचीन ग्रीकांच्या वैद्यकीय लेखनातही आहे. प्रत्यक्षात पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. फुप्फुसांतले बारीक फुगे मिटू न देणारा स्निग्ध पदार्थ पुरेसा तयार व्हायला साधारण 34-35 आठवडे लागतात. आठव्यात कळा सुरू झाल्या तर "आता काय उपयोग" म्हणून घरी थांबणं ही भयंकर चूक ठरेल.

दुसरी तितकीच घातक समजूत: शेवटी जागा उरत नाही म्हणून बाळ शांत होतं. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथांऐवजी वळणं जाणवतात, पण हालचाल कमी होत नाही. नेहमीपेक्षा कमी वाटली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा एकाएकी सुजणं, रक्त किंवा पाणी जाणं, यांपैकी काहीही झालं तरी तसंच.

आणि मन? डोहाळजेवणात ओटी भरतात, फुलांचे दागिने घालतात, धनुष्यबाण हातात देऊन फोटो काढतात. तुला भीती वाटते का, हे कुणी विचारत नाही. तिला कळांची, टाक्यांची, बाळ नीट असेल ना याची भीती वाटत असते. कधी कारणाशिवाय रडू येतं. हे तिच्या स्वभावावर ढकलू नये. मेंदू खरोखर बदलत असतो. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूशास्त्रज्ञ एलिझाबेथ क्रॅस्टिल यांनी स्वतःच्याच मेंदूचे स्कॅन करू दिले, दिवस राहण्याआधीपासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत एकूण 26. संप्रेरकं चढत गेली तसा मेंदूचा करडा भाग जवळजवळ सगळीकडे आकसत गेला. हे ऐकून दचकायला होतं. पण ही झीज नसून किशोरवयात होते तशी नव्याने मांडणी असावी, असं अभ्यासकांना वाटतं. आधीच्या एका अभ्यासात, ज्या आयांमध्ये हा बदल जास्त होता त्यांची बाळाशी ओढही जास्त दिसली होती.

तरी उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, जेवण सुटलं, जगणंच नकोसं वाटू लागलं, तर तो आजार आहे आणि त्यावर गरोदरपणातही उपचार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने विकसनशील देशांत शंभरातल्या सुमारे 15 गरोदर स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, होतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. फोन नवऱ्याने लावून दिला तरी चालेल.

दिवस भरत आले की पोट मधूनच दगडासारखं कडक होऊन सैल पडतं. 1872 मध्ये इंग्लंडच्या ब्रॅक्स्टन हिक्स या डॉक्टरांनी नोंदवलेल्या या खोट्या कळा. जरा चाललं किंवा कूस बदलली की विरतात. खऱ्या कळा विरत नाहीत, त्या जवळजवळ येत जातात आणि वाढत जातात. मग एखाद्या सकाळी माहेरची आजी नुसतं बघून म्हणते, "पोट उतरलं गं." बाळाचं डोकं कटीच्या पोकळीत सरकलेलं असतं. लघवीची घाई दुप्पट होते, पण वरचा पडदा मोकळा होतो आणि कितीतरी आठवड्यांनी तिचं वाक्य एका श्वासात पूर्ण होतं. पहिलटकरणीला हे सुख दोन-तीन आठवडे आधी मिळतं, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बहुधा थेट कळांबरोबरच.