'अव्हेंटस टाइप' कुठून आलं?

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज-सिटी चौक भागात अत्तराच्या काउंटरवर दोन रांगा मांडलेल्या दिसतात. एकीत हिना, खस, शमामा, मजमुआ, गुलाब. दुसरीत त्याच मापाच्या शिशा, पण चिठ्ठ्या निराळ्या: 'अव्हेंटस टाइप', 'सोवाज टाइप', 'कूल वॉटर'. छोटी कुपी शंभर-दीडशेला सुटते. ही सगळी परदेशी परफ्यूमांची नावं. त्यातल्या मूळ अव्हेंटसची शंभर मिलीची बाटली भारतात तीस हजारांच्या वर जाते. गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला, "सेम आहे का भाई?" जाणता दुकानदार मनगटावर काडी फिरवतो आणि म्हणतो, "आत्ता नका सांगू. चहा पिऊन या, मग सांगा."

इन्स्टाग्रामवरच्या व्हिडिओंमुळे वाटतं की हे सगळं चार-पाच वर्षांत उगवलं. तसं नाही. स्वस्त नक्कल आणि महागडं परफ्यूम ही एकाच रसायनशाळेची लेकरं आहेत, फक्त एक थोरमोठं होऊन पॅरिसला राहिलं.

मराठवाड्याला सुगंध नवा नव्हताच. १९४८पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि पाहुण्याला अत्तर-पान देण्याची रीत हवेल्यांत होती तशी वाड्यांतही. लग्नात अत्तरदाणी-गुलाबदाणी फिरायची, खुलताबादच्या उरुसात चादरीबरोबर अत्तर चढायचं, कानात फाया खोचून माणसं जुम्म्याला निघायची. या अत्तराचं माहेर उत्तर प्रदेशातलं कनौज. तांब्याच्या देगेत फुलं नि पाणी, खाली विस्तव, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती थंड होऊन साठते त्या भांड्यात. आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल. गुलाब त्या तेलात मुरतो. फसवणूक इथंही भरपूर होती, पण ती भेसळीची. चंदन महाग होत गेलं तशी त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन आणि डायइथाइल थॅलेटसारखी जवळजवळ बिनवासाची द्रव्यं शिरली. नक्कल मात्र नव्हती, कारण हिना कुणाच्या मालकीचाच नव्हता. प्रत्येक घराण्याचा हिना वेगळा. त्यातला ओरिजिनल कोणता, हे विचारण्यात काही अर्थ नव्हता.

मालकीचा प्रश्न आला तो युरोपातून. १८६८मध्ये विल्यम पर्किननं कुमारिन हे सुगंधी द्रव्य प्रयोगशाळेत तयार केलं, १८७४मध्ये टीमन आणि हारमन यांनी व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास. १८८२मध्ये हूबिगां या फ्रेंच घराण्यानं कुमारिन घालून 'फूजेर रॉयाल' काढलं, १८८९मध्ये गेर्लँचं 'जिकी' आलं. १९२१मध्ये एर्नेस्ट बो यांनी शॅनेल नंबर ५मध्ये अल्डिहाइड या प्रयोगशाळेत बनणाऱ्या सुगंधी घटकांचा सढळ वापर केला आणि कुठल्याच एका फुलाचा नाही असा वास बाटलीत भरला. फुलाला गाव असतं, हंगाम असतो. प्रयोगशाळेतला घटक मात्र ड्रममध्ये येतो, बारा महिने सारखाच, आणि पैसे मोजेल त्याला मिळतो. नकलेचं बीज इथं पडलं. आपल्याकडेही उशीर झाला नव्हता: शॅनेल नंबर ५च्या पुढच्याच वर्षी, १९२२मध्ये, मुंबईत एस. एच. केळकर ही सुगंधद्रव्यांची कंपनी उभी राहिली. भारतातल्या साबणांपासून उदबत्त्यांपर्यंत किती वस्तूंचा वास अशा 'कंपाउंड' करणाऱ्या, म्हणजे द्रव्यं मिसळून तयार वास पुरवणाऱ्या कंपन्यांकडून येतो, याची वापरणाऱ्याला कल्पनाही नसते.

मग एवढा महाग वास कायद्यानं बांधून का ठेवला नाही? कारण ते जमत नाही. पेटंट घ्यायचं तर कृती जाहीर करावी लागते आणि वीस वर्षांनी ती सगळ्यांची होते. म्हणून घराणी कृती तिजोरीत ठेवतात. पण एकदा का कुणी ती स्वतःच्या नाकानं किंवा यंत्रानं शोधून काढली, की तिजोरीचा उपयोग संपला. अमेरिकेत एका विक्रेत्यानं 'सेकंड चान्स' नावाचं परफ्यूम सात डॉलरला काढलं आणि जाहिरातीत सरळ आव्हान दिलं की पंचवीस डॉलरच्या शॅनेल नंबर ५पेक्षा यात फरक ओळखून दाखवा. शॅनेल कोर्टात गेलं. १९६८मध्ये अपील कोर्टानं म्हटलं, ज्या मालाला पेटंट नाही त्याची नक्कल करता येते, आणि ती कशाची नक्कल आहे हे खरेपणानं सांगताही येतं. पुढं ऐंशीच्या दशकात 'तुम्हाला अमुक आवडतं ना, मग हे आवडेलच' या थाटाचे डबे अमेरिकेतल्या औषधदुकानांत खपू लागले.

युरोपनं उलटी वाट धरली. २००९मध्ये लोरियाल विरुद्ध बेलूर या खटल्यात युरोपीय न्यायालयानं ठरवलं की 'आमचा नंबर अमुक म्हणजे त्यांचं तमुक' अशी तुलनेची यादी दुकानदारांना वाटणं म्हणजे दुसऱ्याच्या नावलौकिकावर फुकट स्वार होणं. गंमत बघा, त्याआधी २००६च्या जूनमध्ये एकाच आठवड्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानं लँकोमच्या 'ट्रेझोर' या परफ्यूमच्या वासाला कॉपीराइट असू शकतो असं म्हटलं, तर परफ्यूमचं माहेरघर असलेल्या फ्रान्सच्या न्यायालयानं वासाला कॉपीराइट नाकारला. भारतात नाव, बाटली आणि खोकं यांना ट्रेडमार्कचं संरक्षण आहे. आतल्या वासाला तसं कवच नाही. शहागंजातल्या चिठ्ठीवरचा 'टाइप' हा शब्द या फटीतच बसलेला आहे.

नाकाच्या जोडीला यंत्र आलं ते १९५२नंतर. जेम्स आणि मार्टिन यांनी गॅस क्रोमॅटोग्राफीची पद्धत मांडली. नमुन्याची वाफ लांब बारीक नळीतून सोडली की घटक आपापल्या वेगानं बाहेर पडतात. जोडीला मास स्पेक्ट्रोमीटर असला तर प्रत्येकाची ओळखही पटते. तरी हातात पूर्ण कृती येत नाही. जाईच्या अर्कातच शेकडो घटक, त्यातला कुठला अर्कातून आला आणि कुठला वेगळा घातला हे अनुभवी माणूसच सांगणार. शिवाय जिवोदां, फर्मेनिश यांसारख्या सुगंधद्रव्यं बनवणाऱ्या बड्या कंपन्या आपले काही नवे रेणू वर्षानुवर्षं बाहेर विकतच नाहीत. ती जागा नक्कल करणारा दुसऱ्या कशानं तरी भरतो.

मराठवाड्यात ही लाट आखातातून आली. पाश्चात्त्य परफ्यूम अल्कोहोलात असतं; ते नको असलेल्यांसाठी तोच वास तेलात बांधून द्यायचा धंदा दुबईत आणि मुंबईत जोरात चालला. सुट्टीवर घरी येणाऱ्यांच्या बॅगेत खजुराबरोबर या बाटल्या येऊ लागल्या. क्रीड या परफ्यूम घराण्यानं २०१०मध्ये अव्हेंटस काढलं, दुबईच्या अरमाफनं पाचेक वर्षांत त्याच धाटणीचं 'क्लब द नुई इंटेन्स मॅन' आणलं, आणि तीन हजारांच्या आसपासच्या बाटलीनं कॉलेजच्या पोरांना क्रीडचं नाव पाठ करायला लावलं.

या दोघांची तुलना केली तर फरक सुरुवातीलाच आहे. अव्हेंटसमध्ये अननस रसाळ लागतो, क्लबमध्ये आधी लिंबू नाकात घुसतं, जरा कर्कशच. अर्ध्या-एक तासानं ते ओसरतं आणि मग धुरकट, लाकडी तळ उरतो, तिथं दोघं फार जवळ येतात. दुकानदार चहाला पाठवतो ते यासाठीच. चिठ्ठीवाल्या तेलाचं उलट: तेलात वरचा ताजेपणा उमलतच नाही, वास अंगालगत बसून राहतो. परभणी-जालन्याच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेल्यावर, लिंबूवर्गीय वरचा थर तसाही लवकर उडतो. तीस हजारांचंही उडतं. उन्हाळ्यापुरतं बोलायचं तर माझा कौल नकलेला. थंडीत, बंद खोलीत, मूळ परफ्यूमची सफाई कळते आणि आवडते.

औरंगाबादचा हिमरू हा कापडाचा प्रकारही असाच जन्मला: किनखाबाची महागडी जर टाळून सूत आणि रेशमावर तशीच नक्षी. आज हिमरू स्वतःच्या नावानं मिरवतो आणि यंत्रमागावर त्याचीही नक्कल निघते. क्लबचंही तेच झालं. बाजारात त्याच्याही बनावट बाटल्या फिरतात.

आणि खरी भानगड तिथं आहे. 'टाइप' लिहून विकणारा काही लपवत नाही. क्रीडचंच नाव, क्रीडचंच खोकं छापून 'फर्स्ट कॉपी' म्हणून विकणं हा सरळ गुन्हा आहे. त्यात काय भरलंय हे सांगायला कुणी बांधील नाही. युरोपनं लिलियल हा लिली-ऑफ-द-व्हॅलीच्या वासाचा लोकप्रिय घटक १ मार्च २०२२पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केला. नावाजलेल्या घराण्यांना आपल्या जुन्या कृती बदलाव्या लागल्या. बनावट बाटलीवाल्याला असली कटकट नसते. सीलबंद भारतीय मालावर उत्पादकाचा पत्ता, परवाना आणि बॅच क्रमांक शोधता येतो. कॅनमधून सुटं भरून दिलेल्या तेलावर यातलं काहीच नसतं, तेव्हा ते लावायचंच असेल तर कातडीऐवजी सदऱ्यावर लावावं, आणि सदरा पांढरा नसावा.