चौशिंगा आणि काळ्या परांची मुशी

चौशिंगा हा भारत आणि नेपाळातील पानझडी रानांत राहणारा लहान कुरंग, म्हणजे हरणासारखा दिसणारा पण शिंगे न गळणारा प्राणी. काळ्या परांची मुशी ही हिंदी व प्रशांत महासागरांतील प्रवाळखडकांवर वावरणारी, सुमारे दीड मीटर लांबीची शार्क. आपल्याकडे ती लक्षद्वीपच्या उथळ पाण्यात आढळते.

बेळगाव सीमाभागात दोन्ही नावांखाली भलतेच प्राणी ओळखले जातात. खानापूरच्या जंगलात संध्याकाळी कुत्र्यासारखे भुंकते ते भेकर. ते हरिण आहे, त्याची शिंगे गळतात आणि पुन्हा येतात. चौशिंग्याची शिंगे जन्मभर टिकतात आणि ती फक्त नराला असतात: मागची जोडी 8 ते 10 सेंमी, पुढची त्याहून बरीच आखूड, कधी नुसते टेंगूळ. चार शिंगांचा दुसरा रानटी खुरी प्राणी नाही. खांद्याशी उंची 60 सेंमी आणि वजन जेमतेम 20 किलो.

मुशी इथे बाजारातली ‘मोरी’ म्हणून माहीत आहे. कोकण-कारवारकडून येणारी ही मोरी बहुधा किनाऱ्यालगतच्या इतर लहान जातींची असते. तिच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला की पॉलिश पेपरसारखी खरखर लागते, कारण तिचे खवले म्हणजे बारीक दातच. आत हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा.

शिंगे आणि दात सोडून गर्भाशयाकडे पाहिले, तर हे दोन प्राणी अनपेक्षितपणे जवळ येतात. मुशी अंडी घालत नाही. तिचे भ्रूण आधी स्वतःच्या बलकावर वाढते. बलक संपत आला की त्याचीच पिशवी आईच्या गर्भाशयाला चिकटते आणि वारेचे काम करू लागते. सस्तन प्राण्यांशी काही संबंध नसताना माशात ही सोय स्वतंत्रपणे घडली, हे विलक्षणच म्हटले पाहिजे. मुशीला एका वेळी बहुधा दोन ते पाच पिल्ले होतात. चौशिंगी सुमारे आठ महिने गाभण राहते आणि एक-दोन पाडसे देते. पिल्ले इतकी थोडी असल्याने मारले गेलेले जनावर भरून यायला फार वेळ लागतो. दोन्ही जाती आज जागतिक पातळीवर संकटग्रस्त गणल्या जातात. चौशिंग्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे.

दोघेही जागा धरून राहतात. चौशिंगा पाणवठ्यापासून फार लांब जात नाही आणि लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येतो. मुशीही एकाच खडकाभोवती दीर्घकाळ फिरते. चौशिंग्याचे पाडस उंच गवतात निपचित पडून असते. मुशीची पिल्ले इतक्या उथळ पाण्यात राहतात, की पाठीवरच्या पराचे काळे टोक पाण्याबाहेर दिसते.