दोन्हींना आपण सोलरच म्हणतो: गच्चीवरचा सूर्यबंब आणि विजेचं पॅनेल

"आमच्या गच्चीवर सोलर हाय की ओ, मग बिल एवढं कसं?" जुळे सोलापुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी एप्रिलचं विजेचं बिल माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं. वर्षापूर्वी त्यांनी सोलर बसवलं होतं. दोन कूलर आणि एक फ्रिज, बाकी घरात विशेष काही नाही. बिल कमी होईल म्हणून पैसे घातले आणि ते तर तसूभरही हललं नाही.

गच्चीवर गेलो. काळ्या काचेच्या पंधरा नळ्या तिरक्या रचलेल्या आणि त्यांच्या डोक्यावर आडवी गोल टाकी. हा पाणी तापवणारा सोलर. त्याचा विजेशी काही संबंध नाही. मी विचारलं, "काकू, पूर्वी अंघोळीचं पाणी कशावर तापवायचा?" गॅसवर. "मग आता सिलिंडर किती दिवस जातो?" त्यांनी बोटं मोजली. पूर्वी महिना-सव्वा महिना जायचा, आता दोन महिन्यांच्या आसपास जातो. बचत झाली होती, पण ती बिलात नव्हती, सिलिंडरमध्ये होती.

ही गल्लत एकट्या काकूंची नाही. दुकानदार, फिटर, शेजारी, सगळे दोन्हींना 'सोलर'च म्हणतात. गच्ची तीच आणि सूर्य तोच, त्यामुळे फरक लक्षात येत नाही. पण सूर्याकडून एक जण उष्णता घेतो आणि दुसरा उजेड. पुढचे सगळे फरक तिथूनच येतात.

पाणी तापवणाऱ्याला मी सूर्यबंब म्हणतो, कारण तो खरोखर आपला जुना बंबच आहे. जाळ खालून लागण्याऐवजी वरून लागतो, एवढंच. काळ्या नळीतलं पाणी तापतं, हलकं होतं, वर टाकीत चढतं आणि त्याच्या जागी थंड पाणी खाली उतरतं. पंप नाही, वायर नाही. टाकीभोवती फोमचं जाड अस्तर असतं, म्हणून आज दुपारी तापलेलं पाणी उद्या सकाळी अंघोळीला मिळतं. पॅनेलमध्ये यातलं काहीच घडत नाही. सिलिकॉनच्या चकतीवर उजेड पडला की वीज वाहू लागते, इन्व्हर्टर ती घरच्या विजेसारखी करून देतो.

नळ्या दिसल्या तर ओळखायला सोपं जातं. पण सूर्यबंबाचा एक प्रकार सपाट पेटीचा असतो, वर काच आणि आत तांब्याच्या नळ्या. तो खालून हुबेहूब पॅनेलसारखा दिसतो. अशा वेळी त्यातून खाली पाण्याचा पाइप येतो की वायर येते, ते बघावं.

आता आकडे. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४ युनिट वीज लागते. १०० लिटरचा सूर्यबंब स्वच्छ उन्हाच्या दिवशी हेच काम जेमतेम २ चौरस मीटर जागेत करतो. १ किलोवॉटचं पॅनेलही दिवसाला सरासरी ४ युनिटच देतं, पण त्याला आजच्या पॅनेलच्या हिशेबानं ५ चौरस मीटरच्या आसपास जागा लागते. कारण पॅनेल उन्हातला पाचवा हिस्सा पकडतं आणि बंब अर्ध्याच्या आसपास. म्हणून पॅनेलची वीज करून त्यावर गिझर चालवणं मला पटत नाही. उष्णताच हवी असेल तर ती सरळ उष्णता म्हणूनच घ्यावी.

कोळशाच्या विजेवरच्या गिझरची गोष्ट तर याहून वाईट. शहराच्या उंबरठ्यावर, फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात एनटीपीसी या सरकारी कंपनीचं १,३२० मेगावॉटचं कोळशावरचं वीजकेंद्र आहे. अशा केंद्रात कोळशाच्या शंभर भाग उष्णतेतले चाळीसच्या आसपास भाग वीज होतात, बाकीची उष्णता हवेत आणि पाण्यात जाते. ती वीज तारांतून घरी आणायची आणि तिची पुन्हा उष्णता करायची! देशाच्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे रोजच्या १०० लिटरला पावणेतीन-तीन किलो.

इथवर वाचून सूर्यबंबच भारी वाटेल. पण आपण सोलापुरात राहतो. मार्चच्या अखेरीपासून जूनपर्यंत गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणीच इतकं तापतं की दुपारी नळाखाली हात धरवत नाही. त्या दिवसांत बंब रिकामाच राबतो. त्याची खरी गरज दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत आणि पुढे होळीपर्यंत, शिवाय पावसाळ्यातल्या काही सकाळी. आमच्या घरी वर्षाचे सहा-सात महिने धरा. त्या हिशेबानं बंब वर्षाला ८०० युनिटच्या आसपास वाचवतो. १ किलोवॉटचं पॅनेल बाराही महिने चालतं आणि वर्षाला १,४०० युनिटपर्यंत देतं. बिल वाढतं ते कूलर-एसीच्या महिन्यांत, आणि त्याच महिन्यांत बंब काही कामाचा नाही. काकूंच्या एप्रिलच्या बिलाचं उत्तर हेच होतं.

पॅनेललाही आपला मे महिना फार मानवत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याला ऊन हवं असतं, ताप नको असतो. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घसरतं. हवा ४३ अंशांवर गेली की पॅनेल स्वतः ६५ अंशांपर्यंत सहज तापतं, म्हणजे १२ ते १६ टक्के वीज कमी. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळला पाहिजे. त्याचा एक फायदा घरालाही होतो: सावलीतला स्लॅब कमी तापतो आणि खालची खोली थोडी सुसह्य होते.

पाण्याच्या बाबतीत मात्र सोलापूरकरानं बंब घेताना दहा वेळा विचार करावा. नळ रोज येत नाही, काही दिवसांआड येतो, मधले दिवस बोरच्या जड पाण्यावर काढावे लागतात. जड पाणी तापलं की क्षारांचा पांढरा थर धरतं. सपाट पेटीतल्या तांब्याच्या बारीक नळ्या त्यानं चोंदतात. काचेच्या नळ्या निदान काढून धुता येतात. तेव्हा बोरचं पाणी असेल तर काचेच्या नळ्या, गोडं पाणी कायम असेल तर तांब्याची पेटी, ती टिकते जास्त.

दुसरा धोका जास्त महागात पडतो. मे महिन्यात टाकी कोरडी पडली, नळ आला नाही आणि नळ्या उन्हात रिकाम्या राहिल्या, तर आत तापमान २०० अंशांच्याही वर जातं. मग भर दुपारी नळ आला, कुणीतरी आनंदानं मोटर लावली आणि थंड पाणी त्या नळ्यांत शिरलं की काच तडकते. आमच्या गल्लीत एका घराच्या चार नळ्या अशाच गेल्या. रिकामा बंब भरायचा तर सूर्योदयाआधी किंवा दिवेलागणीनंतर, आणि उन्हाळ्यात वापर नसेल तर नळ्यांवर जुनी चादर टाकून ठेवावी. सोलापुरात चादरीला तोटा नाही.

आणखी एक. सकाळी गरम पाण्याची तोटी सोडली की आधी पाइपात रात्रभर थांबलेलं थंड पाणी येतं. बंब गच्चीवर आणि न्हाणीघर तळमजल्यावर असेल तर गरम पाणी येईतो अर्धी बादली सहज वाहून जाते. वीज वाचवताना उजनी धरणाचं पाणी गटारात सोडणं मनाला लागतं. तोटीखाली बादली ठेवा, ते पाणी भांड्यांना, फरशीला किंवा झाडांना जाऊ द्या. बंबाच्या टाकीत विजेची कॉइल बसवलेली असते, तिचं बटण पावसाळ्यानंतर चालूच राहिलेलं नाही ना, तेही बघा. बऱ्याच घरांत ते वर्षभर चालू असतं.

पॅनेलचा पाण्याचा खर्च धुण्यापुरता. धुळीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा सकाळी लवकर, ओल्या फडक्यानं पुसलं तरी चालतं. बोरचं पाणी वापरलं तर काचेवर पांढरे डाग बसतात आणि उजेड अडतो.

लाईट गेल्यावर काय होतं, यावर लोक सर्वांत जास्त फसतात. बंबाला लाईटची गरजच नाही. पॅनेलला मात्र आहे. बॅटरी नसलेलं साधं घरगुती पॅनेल लाईन गेली की इन्व्हर्टरमार्फत स्वतःहून बंद होतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला त्याच विजेचा झटका बसेल. डोक्यावर रणरणतं ऊन आणि घरात पंखा बंद, हे आधी माहीत असलेलं बरं. लाईट असताना दुपारची जास्तीची वीज महावितरणच्या तारेत जाते, नेट मीटर दोन्ही बाजूंची नोंद ठेवतो, आणि रात्री वापरलेल्या युनिटमधून ती वजा होते. शून्य युनिट आले तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

सरकारी मदतीतही फरक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती पॅनेलला २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून अधिक क्षमतेला एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळतं. पाण्याचा बंब या योजनेत बसत नाही, कुणी तसं सांगून गळ्यात मारत असेल तर थांबा. अर्थात बंब मुळातच पॅनेलच्या मानानं बराच स्वस्त असतो.

माझं मत विचाराल तर गिझर किंवा गॅसवर पाणी तापवणाऱ्या चार माणसांच्या घरानं, पाण्याची सोय नीट असेल तर, आधी बंब घ्यावा. कूलर, एसी, फ्रिज यांचंच बिल डोईजड असेल तर पॅनेल. शहराच्या पूर्व भागात ज्यांच्या घरातच यंत्रमाग आहेत त्यांचा माग दिवसा चालतो आणि पॅनेलही दिवसाच, तिथे पॅनेल जास्त शोभतं, फक्त वरचं अनुदान घरगुती जोडणीपुरतं आहे हे ध्यानात ठेवावं.

काकूंनी आता पॅनेलसाठी अर्ज केलाय. फिटर आला आणि पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला मोकळी जागा बघून म्हणाला, इथंच बसवू. मी अडवलं. बंबावर थोडी सावली पडली तर तेवढंच पाणी कमी तापतं, पण ओळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली आली की सगळ्या ओळीची वीज घसरू शकते. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हापासून जुलै अखेरपर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते, पण ती आखूड असते. बाकी सगळं वर्ष ती उत्तरेला. डिसेंबरात तर पाच फुटी टाकीची सावली भर दुपारी सव्वाचार फुटांच्या पुढे जाते, नऊ वाजता आणि तीन वाजता त्याहून कितीतरी लांब. मग काकूंनीच खडू आणला, मी सांगितलेल्या हिशेबानं स्लॅबवर डिसेंबरची सावली आखली आणि पॅनेलची जागा टाकीच्या दक्षिणेला सरकली. कुरडया वाळवायला आता उत्तरेचा कोपरा राहिलाय.