मत्स्यभ्रूण विषाक्तता चाचणी

पाण्यातील रासायनिक प्रदूषकांचा माशांच्या वाढत्या भ्रूणांवर होणारा परिणाम मोजण्याची प्रयोगशालेय पद्धत. फलित अंडी निरनिराळ्या संहतीच्या (द्रावणातील रसायनाच्या प्रमाणाच्या) द्रावणांत ठेवून ठरावीक वेळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि निम्मे भ्रूण ज्या संहतीला दगावतात ती काढतात. सर्वाधिक वापर झेब्राफिशचा (डॅनिओ रेरिओ) होतो. हा दक्षिण आशियातील गोड्या पाण्यातला लहानसा पट्टेरी मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवरील १८२२ च्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. मेडाका व किलिफिश या लहान माशांचे भ्रूणही वापरतात.

उगम : चाचणीचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकवाक्यता नाही. एक मत तो अमेरिकेतील वुड्स होल येथील प्रयोगांपर्यंत मागे नेते. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॅक लोब यांनी किलिफिशच्या अंड्यांवर क्षारांचे परिणाम पाहिले होते. पुढे १९०७ च्या सुमारास चार्ल्स स्टॉकार्ड यांनी समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराईड मिसळून याच माशाचे एकाक्ष भ्रूण, म्हणजे कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेले, मिळवले. दुसरे मत झेब्राफिशच्या भ्रूणांवर कर्करोगकारक द्रव्ये तपासणाऱ्या १९५० च्या दशकातील अभ्यासांना आद्य मानते. तिसऱ्या मतानुसार खरी चाचणी म्हणजे शुल्टे व नागेल यांनी १९९४ मध्ये प्रौढ माशांवरील चाचणीला पर्याय म्हणून मांडलेली पद्धत. स्टॉकार्ड यांचा हेतू प्रदूषण मोजण्याचा नव्हता, हा पहिल्या मतावरील आक्षेप रास्त आहे. तरीही रसायनाची मात्रा, ती देण्याची वेळ आणि दिसणारे व्यंग यांचा मेळ घालणे हा या पद्धतीचा गाभा आहे. तो त्यांच्या कामात स्पष्ट दिसत असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. प्रमाणीकरणाचे श्रेय मात्र निःसंशय जर्मनीकडे जाते. तेथे सांडपाणी तपासण्यासाठी सोनेरी आइड हा मासा वापरत. २००१ च्या जर्मन मानकाने त्याच्या जागी झेब्राफिशची अंडी आणली. आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ १५०८८) २००७ मध्ये आले. रसायनांसाठीची मार्गदर्शिका क्र. २३६ ही आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) २०१३ मध्ये स्वीकारली.

कृती : नर-मादी आदल्या संध्याकाळी एका टाकीत सोडतात. सकाळी दिवा लागल्यावर साधारण अर्ध्या तासात अंडी पडतात. आईबापांनी ती खाऊ नयेत म्हणून तळाशी जाळी असते. फलनानंतर तीन तासांच्या आत प्रत्येक अंडे २४ कप्प्यांच्या प्लेटमध्ये स्वतंत्र कप्प्यात ठेवतात. पाच संहती, प्रत्येकीत २० अंडी, तापमान २६° से. आणि मुदत ९६ तास. भ्रूण मेला हे चार लक्षणांवरून ठरते : अंडे गोठणे, कायखंड (पाठीच्या दोन्ही बाजूंना ओळीने बनणारे ऊतींचे तुकडे) न बनणे, शेपटीचा कोंब पीतकापासून (अंड्यातील बलकापासून) सुटा न होणे आणि हृदयाचे ठोके नसणे. गोठलेले अंडे दुधाळ दिसते व खालून प्रकाश टाकल्यास काळे पडते. जिवंत भ्रूण काचेसारखा पारदर्शक असतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचे हृदय उघड्यावर ठेवल्यासारखे धडधडताना दिसते. शुद्ध पाण्यातील किमान ९०% भ्रूण जगले आणि तुलनेसाठी घेतलेल्या ३,४-डायक्लोरोॲनिलीनच्या ४ मिग्रॅ./लि. द्रावणात किमान ३०% मेले, तरच चाचणी ग्राह्य धरतात.

मर्यादा : अंड्याचे बाह्य आवरण मोठ्या रेणूंना अडवते. काही द्रव्ये शरीरात बदलल्यावरच विषारी होतात. ॲलिल अल्कोहोल प्रौढ माशात ॲक्रोलीन होऊन घातक ठरते, भ्रूणात हे रूपांतर क्षीण असल्याने ते बरेच सौम्य भासते. काही चेताविषांबाबतही भ्रूण कमी संवेदनशील आढळतात. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशानुसार स्वतः अन्न घेऊ न लागलेला भ्रूण संरक्षित प्राणी ठरत नाही. पद्धतीच्या प्रसाराचे ते एक मोठे कारण आहे.

केवळ मृत्यू मोजण्यात या भ्रूणांनी सांगितलेले पुष्कळसे वाया जाते. अलास्कात १९८९ मध्ये ‘एक्सॉन वाल्डीझ’ जहाजातून तेल सांडल्यानंतर हेरिंग व गुलाबी सामन या माशांच्या भ्रूणांत हृदयावरणात पाणी साचलेले आणि कणा वाकलेला आढळला. पुढे झेब्राफिशवर दिसले की तेलातील तीन कडींची ॲरोमॅटिक (कार्बन अणूंच्या कड्यांनी बनलेली) संयुगे हृदयाची लय बिघडवतात. जुने, हवेत मुरलेले तेल ताज्यापेक्षा वजनामागे अधिक विषारी का, हेही त्यातून उलगडले : हलकी संयुगे उडून जातात, ही मागे राहतात. हेरिंगचा साठा १९९३ मध्ये कोसळला त्याला तेल कारण की रोग, यावर मात्र वाद आहे. उत्तर अमेरिकेच्या ऑन्टॅरिओ सरोवरातील लेक ट्राउट हा मासा नाहीसा होण्यामागे डायॉक्सिनसदृश (क्लोरीनयुक्त, अतिविषारी) द्रव्यांमुळे मेलेली पिले होती, हे मतही असेच भ्रूणांवरील मोजमापांवर उभे आहे. लॅम्प्री (इतर माशांना चिकटून रक्त शोषणारा मासा) आणि अतिमासेमारी यांचा वाटा नाकारता येत नसला, तरी ते मत दुर्लक्षिण्याजोगे नाही.

भारत : पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथे झेब्राफिशच्या भ्रूणविकासावर संशोधन चालते. सांडपाण्याच्या सर्वसाधारण राष्ट्रीय मानकांत, न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९०% मासे जिवंत राहावेत अशी अट आहे. ती माशांना लागू आहे, अंड्यांना नाही.