पंक्तिसेवा की वचनाची सेवा? एका शब्दाची पार्श्वभूमी

नगर, जालना, सोलापूर, कुठल्याही मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) ‘तो आता सेवेत आहे’ असे कुणी म्हटले, की ऐकणारा समजून जातो: पाळक (धर्मगुरू) झाला किंवा सुवार्तिक (येशूचा संदेश सांगत फिरणारा) तरी. मिशन दवाखान्यात तीस वर्षे रात्रपाळ्या केलेल्या सिस्टरबद्दल मात्र ‘ती नोकरीला होती’ असेच बोलतात. ख्रिस्ती माणसाला आयुष्याचे ध्येय सेवेतून सापडते, हे वाक्य व्यासपीठावरून हल्ली वारंवार ऐकू येते. त्यातली ‘सेवा’ कोणती, हा प्रश्न जुना आहे आणि मराठी मुलखात त्यावरून बरेच काही घडून गेले आहे.

मुळातली अडचण बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली. विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते म्हणून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, त्या कामासाठी सात जण नेमले आणि स्वतः प्रार्थनेला व वचनाला वाहून घेतले. मराठी भाषांतरात एका कामाला ‘पंक्तिसेवा’ म्हटले आहे, दुसऱ्याला ‘वचनाची सेवा’. ग्रीकमध्येही दोन्हीकडे एकाच धातूतला शब्द आहे. म्हणजे भाषांतरकारांनी काही चूक केलेली नाही, गुंता मूळचाच. वाचणाऱ्यांनी मात्र त्यात वरचे काम आणि खालचे काम अशी उतरंड पाहिली. गंमत अशी, की पंक्तीला वाढायला नेमलेल्या सातांपैकी स्तेफन पुढच्याच अध्यायात त्या पुस्तकातले सर्वांत लांब भाषण करतो. म्हणजे खुद्द लेखकाला ही वाटणी फारशी पाळता आली नाही.

‘कळवळा’ या शब्दाचे तसे झाले नाही. पाठीराखा नसलेल्या लोकसमुदायाला पाहून येशूला आलेला, रस्त्याकडेला पडलेल्या जखमी माणसाला पाहून शोमरोन्याला (शोमरोन प्रांतातल्या परक्या वाटसरूला) आलेला, तो कळवळा. हा शब्द वारकऱ्यांच्या तोंडी आधीपासून होता, त्यामुळे मराठी कानाला तो कधी परका वाटला नाही.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात आणि वसईत दयाकार्यासाठी गृहस्थांचे संघ होते. गरिबांची प्रेते पुरणे, कैद्यांना अन्न पोचवणे, अनाथ मुलींची लग्ने लावून देणे ही त्यांची कामे. १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे आली आणि तिथला तो अध्याय संपला. अमेरिकेतून आलेल्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. ते १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला पोचले, आणि पहिली काही दशके शाळा, छापखाना व बाजारातले प्रवचन यातच गुंतलेले राहिले. औषधाची पेटी बरोबर असे, पण ती प्रवचनाच्या पाठोपाठ.

हा क्रम उलटला तो एका मराठी बाईमुळे, असे माझे मत आहे. ती म्हणजे पंडिता रमाबाई. संस्कृत पंडिता, विधवा, आईवडील उपासमारीत गेलेले. १८८३ मध्ये इंग्लंडात तिचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी लंडनमध्ये ख्रिस्ती जोगिणींनी (नन्सनी) चालवलेले एक घर तिने पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथे सांभाळत होते. असल्या बायकांवर कुणी दया करते, हेच तिला नवे होते. तसे का करता, असे तिने विचारले, तेव्हा तिला शिकवणाऱ्या जोगिणीने तिला विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. म्हणजे आधी पंक्तिसेवा पाहिली, मग वचन ऐकले. पंडिताबाईंनी स्वतः हा प्रसंग याच क्रमाने लिहून ठेवला आहे, आणि त्यांचे पुढचे सगळे काम समजायला तो पुरेसा आहे.

मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत चौपाटीला उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा व वसतिगृह काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. पैसा अमेरिकेतून येत होता, दहा वर्षांच्या बोलीवर. त्या बोलीत एक अट होती: संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील. पुण्यातले नामवंत सुधारक सल्लागार मंडळावर बसले ते याच भरवशावर. कोणत्या मुलीला कोणते व्रत करायचे, स्वयंपाक कसा करायचा, सोवळे कसे पाळायचे यात बाई लक्ष घालत नव्हत्या. ग्रंथालयात वेद, उपनिषदे होती आणि शेजारी बायबलही होते. भांडण झाले ते दारावरून.

बाई रोज सकाळी आपल्या खोलीत आपल्या मुलीबरोबर प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही विधवा मुली येऊन बसू लागल्या. कुणाला बोलावले नाही हे खरे, कुणाला अडवले नाही हेही खरे. पुण्यातल्या वृत्तपत्रांनी याला कपट म्हटले. सल्लागारांची अडचण वेगळी होती. त्यांनी ज्या घरांकडून मुली मागून आणल्या होत्या त्यांना शब्द दिला होता, आणि एका तरुण, निराधार, उपकाराखाली असलेल्या मुलीपुढे उघडे दार हेसुद्धा आमंत्रणच असते, हा त्यांचा मुद्दा आजही सहज झटकून टाकण्यासारखा नाही. बाईंचे म्हणणे, इतर मुलींना आपापल्या देवाची पूजा करायला मोकळीक आहे, मग माझ्याच घरात मी माझे दार का लावायचे? १८९३ मध्ये मंडळाने राजीनामे दिले. पालकांनी मुली काढून नेल्या. शाळा बंद पडली नाही, पण पुण्याशी असलेले नाते तुटले.

हा प्रसंग मराठी लेखनात बहुतेक वेळा ‘विश्वासघात’ किंवा ‘छळ’ या दोनपैकी एका मथळ्याखाली येतो. माझा कल बाईंकडे आहे हे लपवत नाही. पण तटस्थतेची अट घालून ख्रिस्ती माणसाकडून सेवा मागणे आणि ती देणे, दोन्ही गोष्टी मुळातच अवघड होत्या, हे दोन्ही बाजूंना १८८९ मध्ये कळायला हवे होते. सेवा करणाराची प्रेरणा घरात ठेवायची आणि सेवा तेवढी अंगणात आणायची, हे करणाऱ्यालाच जड जाते. उलट, सेवा घेणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक कितपत असते, हा प्रश्न बाईंच्या समर्थकांनी क्वचितच विचारला.

त्यानंतर दुष्काळ आला आणि तात्त्विक वाद मागे पडला. १८९६-९७ मध्ये बाई मध्य प्रांतात गेल्या, भुकेने मरणाऱ्या मुली गोळा करून पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला घेऊन आल्या. तिथे घेतलेली शेतजमीन फळबागेसाठी होती. तिच्यावर आता तंबू आणि झोपड्या पडल्या. पाठोपाठ पुण्यात प्लेग, आणि १८९९-१९०० मध्ये गुजरातचा दुष्काळ. शतक उलटताना तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. आता जातीची अट राहिली नाही. अमेरिकेशी केलेली दहा वर्षांची मुदत संपल्यामुळे १८९८ पासून तटस्थतेचीही राहिली नाही. हातमाग, तेलघाणा, छापखाना, गोठा सुरू झाला. आंधळ्या मुलींसाठी वेगळे घर झाले, त्याला शुभवर्तमानातल्या आंधळ्या बार्तीमयाचे नाव. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन झाले. लंडनमध्ये पाहिलेले ते घर सोळा-सतरा वर्षांनी दौंड तालुक्यात उभे राहिले, असे म्हणायला हरकत नाही.

याच दुष्काळांनी एक शिवीही दिली. ‘पोटासाठी बाटले’ हे वाक्य नगर जिल्ह्यात पुढे कैक वर्षे ऐकावे लागले. धान्य वाटणारे आणि बाप्तिस्मा देणारे हात एकच असले की असे होणार. मिशनरीही आपसांत यावर वाद घालत, आणि काही ठिकाणी बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना मुद्दाम थांबवून ठेवले जाई. पण गावकुसाबाहेरच्या माणसाला पोटाबरोबर पाटी-पुस्तक आणि नाव घेऊन हाक मारणारा माणूसही मिळत होता, हे त्या शिवीत येत नाही.

१९०५ मध्ये केडगावला पुनरुज्जीवनाची, म्हणजे धार्मिक जागृतीची, लाट आली. रात्र रात्र प्रार्थना चालत, आणि मुली टोळ्या करून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या. पंक्तीत वाढून घेणाऱ्याच वचन सांगू लागल्या. पुढे बाई स्वतः बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या, हिब्रू-ग्रीक शिकून. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. ग्रंथ त्यांच्या मागून बाहेर आला.

मिरजेचा रस्ता वेगळा. कॅनडात जन्मलेला एक तरुण शल्यविशारद १८८९ मध्ये या भागात आला आणि १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ उघडले. रेल्वेचे जंक्शन असल्याने कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे रोगी येत. कोल्हापूर दरबाराचाही पाठिंबा मिळाला. लवकरच वैद्यकीय शाळा आणि परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. परक्याचे मलमूत्र उचलणे उच्चवर्णीय घरांना विटाळाचे वाटत होते, तेव्हा या वर्गात बसल्या त्या मुख्यतः ख्रिस्ती मुली. ज्यांच्या आज्यांना विहिरीला शिवू दिले जात नव्हते त्यांच्या हातून गावचा सावकार औषध घेऊ लागला. ‘सेवेतून ध्येय’ याचा मराठी मातीतला सर्वांत ठोस अर्थ मला इथे दिसतो, आणि मंडळीच्या भाषेत नेमका त्यालाच शब्द नाही.

तरी मिशन दवाखान्याच्या ओसरीवर बायबल बाई बसलेलीच असे. केसपेपर निघेपर्यंत दोन गाणी, एक दृष्टान्त. शस्त्रक्रियेआधी प्रार्थना. रोग्यांना ते खटके का? अनेकांना आवडे, काही कानाडोळा करीत. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या एका चौकशी मंडळानेच म्हटले, की दवाखाने आणि शाळा यांवरचा प्रवचनाचा बोजा काढून टाका, सेवा हीच पुरेशी साक्ष आहे. मिशनच्या कचेऱ्यांत त्यावर गदारोळ झाला. त्याच सुमारास गांधीजींनी वैद्यकीय मदत धर्मांतराचे साधन होऊ नये, असे जाहीरपणे म्हटले होते. दोन्हीकडून एकच गोष्ट सांगितली जात होती, पण एकमेकांवर विश्वास नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हा वाद नागपूरला आला. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५४ मध्ये नेमलेल्या चौकशी समितीने १९५६ च्या अहवालात वैद्यकीय किंवा इतर व्यावसायिक सेवा धर्मांतराचे थेट साधन म्हणून वापरायला कायद्याने बंदी घालावी, अशी शिफारस केली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे, असा निकाल दिला. ओसरीवरची बायबल बाई तोवर बहुतेक ठिकाणी दिसेनाशी झाली होती. त्याला कायद्यापेक्षा पैसा आणि मनुष्यबळ ही कारणे अधिक होती. परदेशी डॉक्टर परतले, इमारती आणि थकलेली बिले स्थानिक विश्वस्तांकडे आली. १९७० मध्ये नागपुरात उत्तर भारतातल्या अनेक मंडळ्या एक झाल्या, तेव्हा दवाखान्यांची मालमत्ता हा विषय त्यांच्या बैठकांत येऊन बसला. तो अजून उठलेला नाही.

कुष्ठसेवेचे आणखी निराळे. १८९८ चा कायदा भिकेला लागलेल्या रोग्यांना डांबून ठेवू देत होता. मिशनच्या आश्रमांनी त्यांना घर दिले, शेती दिली, कळवळ्याचे हे सर्वांत जुने क्षेत्र. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला, रोगी घरी राहून बरे होऊ लागले. २००५ अखेर देशाने दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हा टप्पा गाठला. आश्रमांत उरले ते म्हातारे, बोटे गेलेले, घरच्यांनी परत न नेलेले. ज्या कामात तीन पिढ्यांनी आयुष्याचा अर्थ शोधला ते काम यशस्वी होऊन संपत आले.

कॅथॉलिक वसईत गेल्या शतकात सेवेने वेगळे वळण घेतले. १९१८ मध्ये एका धर्मगुरूच्या पुढाकाराने सहकारी पतपेढी निघाली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दुसऱ्या एका धर्मगुरूने टँकरने होणारा पाणीउपसा आणि बांधकाम व्यावसायिकांची दांडगाई यांविरुद्ध लोकांना रस्त्यावर आणले. त्यात हिंदू शेतकरी बरोबरीने होते. ही पंक्तिसेवा की वचनाची, यावर तिथे फारसा खल झाला नाही. विहिरी खाऱ्या होत होत्या.

प्रेषितांनी नेमलेल्या त्या सात जणांच्या कामावरून आलेले डिकन हे पद आजही आहे. अनेक मंडळ्यांत ती पाळक होण्याआधीची पायरी असते, थोड्या काळात ओलांडायची. कॅथॉलिकांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कायमचे डिकन पुन्हा सुरू केले. मुंबईत ते आहेत, विवाहित, नोकरी-धंदा सांभाळणारे. लोकांना ते दिसतात ते मुख्यतः लग्नाला, अंत्यविधीला आणि रविवारी प्रवचनाला.